जोमा तांडेलाचा कातळ

एका खाडीच्या तोंडाशी सावरबंदर नावाचं गाव होतं. तिथे जोमा नावाचा तांडेल राहायचा. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. मासळीच्या बाबतीत हा माणूस असा नशीबवान की, बाकीचे रिकाम्या टोपल्या घेऊन परतले तरी जोमाच्या होडीत घोळ, तांब असले मोठे मासे आणि मिशा हलवणाऱ्या शेवंडी असायच्याच.

नशीब कसलं डोंबलाचं! समुद्राच्या तळाशी एक कातळ होता आणि तो फक्त जोमाला ठाऊक होता. देवळाचा कळस आणि टेकडीवरचा ताड एका रेषेत आले की होडी बरोबर त्या कातळावर यायची. तिथे मासळी अंडी घालायची, पिल्लं कपारींत वाढायची आणि मोठी होऊन सगळ्या किनाऱ्याला पांगायची. जोमाच्या बापाने मरताना ही खूण त्याच्या कानात सांगितली होती आणि दुसऱ्या कुणाला न सांगण्याची शपथ घातली होती. त्या किनाऱ्याची रीतच तशी. ज्याची जागा त्याच्या पोटात. कुणी विचारलंच तर जोमा हात झटकायचा. "तिकडं काय आहे? नुसती रेती." जातानाही मुद्दाम वळसा घालून जायचा.

गावाशेजारी मोठं बंदर होतं आणि ते गाळाने भरत चाललं होतं. एके दिवशी बंदराचे साहेब गावात आले. सगळे कोळी देवळापुढे जमले. साहेब म्हणाले, "बंदरातला गाळ उपसून समुद्रात टाकायचा आहे. आम्ही तीन जागा काढल्यात. जिथे मासळी नाही ती जागा तुम्हीच सांगा."

त्यांनी समुद्राकडे बोट करून पहिली जागा दाखवली, तशी पोशा म्हातारा उसळला. "तिथं आमची जाळी असतात. खबरदार!" दुसऱ्या जागेला बायकांनीच गलका केला. मग साहेबांचं बोट तिसऱ्या जागेकडे वळलं. तिथेच जोमाचा कातळ होता.

"जोमा, तू जातोस ना त्या अंगाला?" पोशाने विचारलं. "काय आहे तिथं? सांग की."

खरं सांगावं, तर उद्या सकाळी गावच्या सगळ्या होड्या त्या कातळावर. शपथ मोडणार ते वेगळंच. आणि समुद्र केवढा! थोड्या चिखलाने त्याचं काय होणार? लाटा नेतील वाहून. जोमाने मनाची अशी समजूत घातली आणि तोंडातून नेहमीचंच वाक्य गेलं. "काही नाही तिथं. नुसती रेती."

साहेबांनी तसं लिहून घेतलं.

घरी बायको चांगुणा दारातच उभी होती. "रोज मी ती मासळी विकते. ती रेतीतली नाही, हे मला कळत नाही होय? अजून वेळ आहे. जा, खरं सांगून या."

"बापाची शपथ आहे मला."

"अहो, कातळच गेला तर शपथ कुणासाठी पाळणार?"

जोमाला राग आला. खरं ऐकलं की येतोच. तो भिंतीकडे तोंड करून बसून राहिला.

आठ दिवसांनी गाळाचं जहाज आलं. कातळाच्या डोक्यावर थांबून त्याने पोटाचे दरवाजे उघडले आणि काळा चिखल खाली सोडला. बंदरात वर्षानुवर्षं सांडलेलं तेल, गंज, रंग, सगळी घाण त्यात होती. दिवसाला चार खेपा व्हायच्या. कोसभर पाणी गढूळ झालं. तळाला काय आहे ते बघायला जोमाने दोरीला शिसं बांधलं, त्याला मेण लावलं आणि खाली सोडलं. पूर्वी मेणाला शिंपल्यांचा चुरा चिकटून यायचा. आता चिखल आला आणि त्याला तेलाचा वास होता. अंडी, पिल्लं, शेवंडी, सगळं खाली गुदमरलं होतं. जोमाने होडी किनाऱ्याकडे वळवली.

मग तो धावत साहेबांकडे गेला. "साहेब, मी खोटं बोललो. तिथं कातळ आहे. थांबवा हो!"

साहेब वाईट नव्हते. पण तळ बघायला एक माणूस खाली उतरवावा, एवढंही त्यांना सुचलं नव्हतं. जोमाच्या नुसत्या शब्दावर त्यांचं भागलं होतं. ते म्हणाले, "आता थांबवून काय करू, तांडेल? गाळ दुसरीकडे टाकला तर तिथलंही मरेल. इथलं तर मेलंच आहे."

त्या वर्षी जोमाच्या जाळ्यात मासळी आली नाही. पुढच्या वर्षी कुणाच्याच आली नाही. पिल्लंच नाहीत तर मासळी येणार कुठून? पावसाळ्यातल्या लाटांनी बराच गाळ उचलून पुन्हा खाडीत आणून टाकला. खाडीतली कालवं मेली, बंदर परत भरलं आणि गाळाचं जहाज परत आलं.

तेव्हा कुठे जोमाने देवळापुढे उभं राहून गावाला सगळं सांगितलं. मग पोशा म्हणाला, "अरे, तेव्हा बोलला असतास तर त्या जहाजाला आम्ही आडवे गेलो असतो. तुझ्यासाठी गेलो असतो रे."

एकेक जण उठून निघून गेला. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर जोमाला बरं वाटलं असतं.

होडी ठेवून उपयोग नव्हता आणि पोट तर भरायला हवं. जोमा त्या गाळाच्या जहाजावर कामाला लागला. जहाज नेमक्या जागेवर न्यायला त्याच्याइतका जाणता माणूस सगळ्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता.

तात्पर्य: जे सगळ्यांचं आहे ते आपल्या एकट्याचं म्हणून लपवून ठेवलं, तर ते नासवणाऱ्याला अडवायला कुणीच उभं राहत नाही. आणि समुद्र कितीही मोठा असला, तरी त्यात टाकलेली घाण कुणाच्या तरी घरावरच पडते.