गोजराईचा वाटघास

सावरपेठेहून घाटमाथ्याकडे चढणारी जुनी पायवाट शेवटच्या वळणावर एका अरुंद खिंडीत शिरते. खिंडीच्या तोंडाशी कातळात खोदलेलं टाकं आहे. आत उतरायला पायऱ्या आहेत, आणि भिंतीवरून हात फिरवला तर छिन्नीच्या खुणा अजून बोटांना लागतात. या टाक्याचं एक नवल आहे. पावसाळ्यात डोंगरावरून पाण्याचे लोटच्या लोट येतात, पायवाटेचा ओढा होतो, पण टाकं काठोकाठ कधी भरत नाही. काठाखालची वीतभर जागा कोरडीच राहते.

डोंगर चढून आलेले पाहुणे याचं कारण विचारतात. गावचे हैबतीबाबा काठी बाजूला ठेवून पायरीवर टेकतात आणि म्हणतात, "शिकलेली माणसं सांगतात, कातळाला चीर असेल. असेलही. आमच्यात मात्र निराळं सांगतात."

फार मागची गोष्ट. तेव्हा मिठाच्या गोण्या लादलेले बैल याच वाटेनं कोकणातून देशावर चढायचे म्हणे. माथ्यावर पाण्याचा थेंब नव्हता. उन्हाळ्यात खिंडीपर्यंत पोचता पोचता बैल गुडघे टेकायचे, कितीएक तिथंच मरायचे. खोऱ्याच्या देशमुखांनी ते एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि देवापुढं बेलभंडार उचलून सांगितलं, 'या खिंडीत कुणी तहानेनं मरणार नाही असं करीन.' मग त्यांनी देशावरून पाथरवट आणवले. त्यांचा नाईक होता सिद्राम. हात कसबी, तोंड जरा तिखट, पण मनानं निर्मळ माणूस. दगडावर कान ठेवून तो आतली शीर ओळखायचा, असं सांगतात.

पाथरवट वर खिंडीतच पाल ठोकून राहिले. पण वर ना पाणी, ना सरपण. म्हणून त्यांचं जेवण खाली सावरपेठेत, देशमुखांच्या मुदपाकखान्यात शिजायचं आणि पाटीतून वर जायचं. चढ छातीवरचा. एकदोन बायांनी ते काम सोडून दिलं. एकीवर तर वाटेत भाकरी खाल्ल्याचा आळ आला आणि चारचौघांत तिची पाटी उपडी करून दाखवली. त्यानंतर ते काम कुणी घेईना. शेवटी गोजरा उभी राहिली.

गोजराचा नवरा तापात गेला होता. पदरात तानी नावाची लहान पोर. देशमुखांचे कारभारी तिला म्हणाले, "टाक्याचं काम पुरं झालं की वर्षाचं धान्य तुझ्या घरी येईल. आणि रोजच्या पोटाची काळजी करू नको. जेवण घेऊन येणारीला कुणी उपाशी धाडतं का? वरची माणसंच तुला त्यातलं देतील."

कारभारी हे मनापासून बोलले होते. पण वर पाथरवटांना हे सांगायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

सिद्रामनं गोजराला पहिल्यांदा पाहिलं ते उन्हं डोक्यावर आली असताना. डोईवर चुंबळ, चुंबळीवर भली थोरली पाटी, आणि बाई एका लयीत चढून येत होती. पाटी उतरवली, फडक्याची गाठ सोडली, आणि घाम पुसायच्या आधी तिनं भाकऱ्या वाढायला घेतल्या. तेव्हापासून ती रोज यायची. बोलायची थोडं. पण तिला कुणाला ठेचा जास्त लागतो, कुणाचे दात गेलेत म्हणून भाकरी कुस्करून द्यायची, हे न सांगता कळायचं. पाथरवटांची घरं लांब राहिली होती. ती आली की त्यांना जेवणाआधीच बरं वाटायचं.

सुगीचे दिवस होते तोवर पाटी तुडुंब भरून यायची. माणसं पोटभर जेवली तरी दोन भाकऱ्या, भांड्याच्या तळाला पिठलं असं काही उरायचंच. सिद्राम म्हणायचा, "बाई, हे परत कुठं वाहून नेतीस? खाऊन टाक." ती एका बाजूला बसून खायची. अर्धं पदरात बांधून पोरीसाठी न्यायची. सिद्रामला वाटायचं, वाड्यावर जेवून निघालेली बाई आहे, चढानं परत भूक लागत असेल. ते उरलेलं हेच तिचं जेवण आहे, हे त्याच्या कधी मनातही आलं नाही.

पुढच्या साली पावसानं दगा दिला. खोऱ्यातल्या कणग्या तळाला गेल्या. देशमुखांनी देवापुढचा शब्द मोडला नाही, काम चालू ठेवलं, पण मुदपाकखान्यातलं माप आखडलं. नाचणीच्या भाकरीची कड पातळ झाली. पिठल्याच्या जागी हुलग्याचं पाणी आलं. पाथरवट आता बोटं चाटून उठायचे आणि पाटीत काही म्हणजे काही उरायचं नाही.

गोजरा तरीही चढून यायची. वाढायची. आणि माणसं जेवून उठली तरी थोडा वेळ तिथंच बसून राहायची, पाटीकडं बघत. सिद्रामला ते दिसायचं. त्याला वाटायचं, रिकामी भांडी घेऊन उतरायची घाई असेल बिचारीला, आपली माणसं रेंगाळतात. तो ओरडायचा, "आटपा रे लवकर! बाई केव्हाची खोळंबलीय." माणसं भराभर घास गिळायची, भांडी पुसून पाटीत टाकायची. गोजरा उठायची, पाटी उचलायची आणि निघून जायची.

एकदा सिद्रामनं थट्टेनं विचारलं, "गोजराबाई, आज वाड्यावर काय बेत होता गं जेवायला?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, हे त्याला नंतर आठवलं. मग म्हणाली, "तुमच्या पाटीत हाय तेच, नाईक."

"म्हंजे तुमचेबी आमच्यासारखेच हाल," असं म्हणून तो हसला आणि छिन्नी उचलून कामाला लागला.

ती मागू शकली असती, असं आज ऐकणारे म्हणतात. पण कुणाकडं मागणार? मुदपाकखान्यात मागावं तर कारभाऱ्यांनी आधीच सांगितलेलं, तुझं वर आहे. वर मागावं तर दगड फोडणाऱ्या माणसांच्या तोंडचा घास. आणि गुपचूप खावं, तर आधीच्या बाईची उपडी केलेली पाटी तिच्या डोळ्यांपुढं होती. गोजरानं तर मुदपाकखान्यातच सगळ्यांसमक्ष फडक्याला घट्ट गाठ मारायची सवय लावून घेतली होती. घरात उरलेले चार दाणे तानीपुरतेच होते. टाकं होतच आलं होतं. ते पुरं झालं की वर्षाचं धान्य घरात येणार होतं. तेवढे दिवस रेटायचे, असं तिनं ठरवलं असणार.

मग एके दिवशी जेवण आलंच नाही.

उन्हं डोक्यावरून ढळली. पाथरवट हातोडे टाकून वाटेकडं बघत बसले. आधी पोटात कावळे ओरडले, मग माणसं ओरडायला लागली. कुणी म्हणालं, झोपली असेल सावलीत. कुणी म्हणालं, या बायांना कुणाच्या पोटाची फिकीर नाही. सिद्रामचं डोकं तापलं. चांगलं फैलावर घ्यायचं असं ठरवून तो ताडताड वाट उतरला.

फार उतरावं लागलं नाही. शेवटच्या वळणावर ती दिसली. कातळाला पाठ टेकून बसली होती, मान खांद्यावर कललेली. पाटी मात्र तिनं उंच दगडावर नीट ठेवली होती, मुंग्या चढणार नाहीत अशी. फडक्याची गाठ जशीच्या तशी होती.

"अगं बाई," सिद्राम लांबूनच गरजला, "वर माणसं उपाशी हायत!"

ती हलली नाही. तो जवळ गेला. परत हाक मारली. मग वाकून तिच्या खांद्याला हात लावला, आणि त्याला कळलं की आपण काय बोललो.

पाथरवटांनी तिला खाली आणलं. सावरपेठेच्या म्हाताऱ्या सुईणीनं अंघोळ घालताना अंगावरचं लुगडं सोडलं आणि ती तशीच बाहेर आली. म्हणाली, "हिला रोग न्हवता रं. हिच्या पोटात कितीएक दिवसांत अन्न न्हाई. पोट पाठीला चिकाटलंय."

कारभारी तिथंच होते. त्यांचा चेहरा उतरला. सिद्रामकडं वळून ते म्हणाले, "म्हणजे? वर तुमच्यात जेवत नव्हती ती?"

"आमच्यात?" सिद्राम म्हणाला. "ती तर खाली वाड्यावर जेवून यायची ना?"

दोघं एकमेकांकडं बघत राहिले, आणि मधे ती निजलेली होती. दोघांतला एकही वाईट माणूस नव्हता. दुसऱ्यानं दिलं असेल, एवढंच दोघं धरून चालले होते.

तिची पाटी सिद्रामनं स्वतःच्या डोक्यावर घेतली. पाथरवटांपैकी कुणी त्यातल्या अन्नाला हात लावला नव्हता. तो विचारत विचारत तिच्या खोपटापर्यंत गेला. शेजारणीनं तानीला आत बसवून ठेवलं होतं. पोरीला अजून काही सांगितलेलं नव्हतं. सिद्राम तिच्यापुढं बसला, गाठ सोडली, एक भाकरी काढून तिच्या हातावर ठेवली. पोर भुकेली होती, भाकरीवरून तिची नजर हलत नव्हती. पण तिनं घास मोडला नाही. तिनं त्याला विचारलं,

"मामा, तुमचं झालं का?"

सिद्रामनं भाकरीसकट तिचा हात तिच्या तोंडाकडं नेला. पोरीला वाटलं, याला कळलं नाही. ती म्हणाली, "आयला मी रोज इचारते. आय म्हंती, माझं झालं, वर डोंगरावर झालं. मग मी खाते."

त्या खोऱ्यात एवढ्या दिवसांत गोजराला हे विचारणारं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाशी ती रोज खोटं बोलली होती.

सिद्राम तिथं जमिनीवर डोकं टेकून रडला. बाहेर उभ्या असलेल्या कारभाऱ्यांनी तो आवाज ऐकला, पण आत यायचं त्यांना धाडस झालं नाही, असं सांगतात.

टाकं पुरं झालं. बोलल्याप्रमाणे देशमुखांनी वर्षाचं धान्य पाठवलं. बैलांवरून पोती उतरवून खोपटात रचली, तर बसायला जागा उरली नाही. तानी त्या पोत्यांना टेकून दारात बसली होती. तिला शेजारणीनं आता सगळं सांगितलेलं होतं. पोती आणणारे गडी बैल वळवून निघून गेले.

त्या पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. टाकं पायरी पायरीनं भरत आलं आणि काठाच्या वीतभर खाली थांबलं. पाणी येतच होतं, पण वर चढेना. देशमुखांना वाटलं, काम कच्चं राहिलं. सिद्रामनं पाणी उपसून वीत न् वीत कातळाला कान लावला, चुना घोटून खाचाखोचांत भरला. चीर कुठंच सापडली नाही. पुढच्या पावसात पाणी परत तिथंच थांबलं. तेव्हा तो देशमुखांना म्हणाला, "राहू द्या, सरकार. ती तिची भूक हाय. आता ती कुणाच्यानंच भरायची न्हाई."

देशमुखांनी त्या दिवशी पायांतला जोडा काढला आणि ते टाक्यापर्यंत अनवाणी चढून गेले. तहानेनं कुणी मरू नये म्हणून त्यांनी पण केला होता, आणि त्याच कामावर एक बाई भुकेनं गेली होती. शेवटच्या वळणावर, ती बसली होती त्या कातळाशी, त्यांनी नाक घासलं म्हणे.

सिद्राम आपल्या मुलखाला परत गेला नाही. घाटाच्या पायथ्याशी त्यानं बैलवाल्यांसाठी जेवणाचं घर घातलं आणि तानीला आपली लेक म्हणून वाढवलं. त्या घरात त्यानं दोन गोष्टी ठरवून दिल्या. पहिलं ताट वाढप्यांचं. ते जेवून उठल्याशिवाय पाहुण्यांचं पान मांडायचं नाही. आणि पाहुण्यानंही वाढणाऱ्याला 'तुझं झालं का?' असं विचारायचं, मालकानं दिलं असेल असं धरून चालायचं नाही. वाढप्याच्या हातावर पाहुणा जे काही ठेवील, मग भाकरी असो की नाणं, ते वाढप्याचंच. त्याला लोक गोजराईचा वाटघास म्हणायला लागले. वाटघास मिळतो म्हणून मालकानं मजुरीतला दाणासुद्धा कमी करायचा नाही, आणि मजुरी मिळते म्हणून पाहुण्यानं हात आखडायचा नाही. सिद्राम म्हातारा झाला, पण स्वतः जेवायला बसला की ताटाकडं बघत राहायचा. तानी जवळ येऊन 'माझं झालं, बाबा' म्हणायची. तरी तो उठून तिच्या तोंडाला अन्न लागलंय का बघायचा, आणि मगच घास उचलायचा.

हैबतीबाबा इथं थांबतात. कुणी काही विचारलं तर हातानंच टाक्याकडं दाखवतात.

आजही सावरपेठेच्या खाणावळींत गिऱ्हाइकाच्या आधी वाढप्यांची पंगत उठते. तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलवर जेवणाचे डबे घेऊन येणाऱ्या मुलांनाही हे गाव ठाऊक झालं आहे. इथं दार उघडलं की पैशाआधी पाण्याचा तांब्या पुढं येतो आणि डबा हातात घ्यायच्या आधी घरची बाई विचारते, "तुझं झालं का रे?" घाईतला मुलगा हेल्मेटसुद्धा न काढता म्हणतो, "झालं, मावशी." तेवढ्यावर सावरपेठेत कुणी डबा घेत नाही. त्याला हेल्मेट काढायला लावतात, त्याच्या तोंडाकडं नीट बघतात, आणि परत एकदा विचारतात.