सरकारांना मागे टाकणारा

चंदनगाव संस्थानच्या मोटारशर्यतीत महाराजांच्या गाडीला कुणी मागे टाकत नसे, कारण महाराजांना पाठ दाखवणाऱ्याला चाबकाचे फटके बसत. एका वर्षी पाहुणे जांभया देऊ लागले. महाराज चिडले, "आज चुरस दिसली नाही, तर सगळे चालक कोठडीत."

पुढे गेलं तर चाबूक, मागे राहिलं तर कोठडी. शेवटच्या वळणावर दौलत पिसाळ भोंगा वाजवत पुढे गेला आणि जिंकला.

चाबूकवाला आलाच. "आम्हाला पाठ दाखवलीस?" महाराजांनी विचारलं.

मुजरा करून दौलत म्हणाला, "सरकार, स्वारी निघाली की ललकारी देणारा चोपदार पुढेच चालतो ना? मीही भोंगा वाजवत वर्दीच दिली, की मागून महाराज येताहेत."