सटवाईनं पाटलाला दिलेला वसा

ऐका सटवाई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, तिथं आटपाट मिशांचा एक पाटील होता. नाव गंभीरराव. त्याची बायको तानूबाई. घरात सगळं होतं, पाळणा तेवढा रिकामा.

सासू म्हणाली, "सोमवार धर." तानूनं धरले. मग म्हणाली, "पिंपळाला फेऱ्या घाल." तिनं घातल्या. मग म्हणाली, "मीठ सोड." तिनं मीठही सोडलं. पाळणा हलेना. मग सासू म्हणाली, "आता सवत आणते."

तानू गावाबाहेर सटवाईच्या दगडापाशी जाऊन रडली. दगडाआडून एक म्हातारी निघाली, कानावर लेखणी.

"लेकरांची कपाळं लिहिणारी मी. लेखणी वाळून चाललीय! रान सतरांदा नांगरलंत, बियाणं कुणी पाहिलं का गं?"

"नाही, आई."

"मग हा वसा नवऱ्याला दे. शहरात पुरुषांचा शल्यवैद्य आहे, त्याच्याकडं जावं. लाजू नये, लपवू नये, आपल्या जागी दुसऱ्याला धाडू नये."

तानूनं सांगितलं. पाटील निघाला. वेशीपर्यंत मिशा ताठ होत्या, दवाखान्याच्या दारात घाम फुटला. मग त्यानं काय केलं? सोबतीच्या खंडू पैलवानाला आपलं नाव देऊन आत धाडलं! वैद्य म्हणाले, "बीज उत्तम." पाटलानं गावात हलगी वाजवली. सवतीच्या लग्नाची हळद दळायला निघाली.

दळायला पैलवानाची बायको आली. जात्यावर बसली नि हसत सुटली.

"वहिनी, ऐकलंत का? आमच्या ह्यांना शहरात तपासलं म्हणे. दारात पाच पोरं, आणि तपासायचं काय?"

तानूचा हात खुंट्यावरच थांबला. तशीच हळदीच्या हातानं ती ओसरीवर गेली.

"धनी, माझे उपास कधी शेजारणीनं केले का?"

पाटलाच्या मिशा खाली आल्या. "चुकलो. पण तानू, भ्या वाटतं."

"मग चला. मी दाराशी बसते."

या खेपेला पाटील स्वतः आत गेला. वैद्यांनी तपासलं. म्हणाले, "बीजाच्या पिशवीकडच्या शिरा फुगल्यात. रक्त साचतं, ऊब वाढते, बीज कोमेजतं. शिरा बांधून बघू. फळाचं वचन मात्र देत नाही."

मग कमरेखाली बधिर केलं, बारीक ते मोठं दाखवणारी दुर्बीण आणली. शेजारच्या पडद्यावर पाटलानं पाहिलं, आणि बायांनो, त्यानं आ वासला तो मिटेना. शेवईएवढी शीर नदीएवढी दिसली! तिच्या काठाला केसाएवढी धमनी, थुडथुड उडणारी. वैद्यांनी डोळ्याला न दिसणाऱ्या दोऱ्यानं फुगल्या शिरा बांधल्या, धमनीला वाराही लागू दिला नाही. पाटलानं पडल्या पडल्या हात जोडले.

"एवढ्याशा जागी एवढं नगर वसलंय, अन् मी वेस बंद करून बसलो होतो!"

सवतीचं लग्न मोडलं. ऋतू आले, ऋतू गेले. मग तानूला डोहाळे लागले, तेही मिठाचे! लेक झाली. पाचवीला म्हातारी आली. लेकीच्या कपाळी लिहिलं, मग पाटाकडं वळून म्हणाली, "पूजेला कोण बसलंय? पैलवान तर नव्हे?"

"नाही, आई," पाटील म्हणाला, "मीच आहे."

सटवाई तानूला पावली तशी तुम्हां आम्हां पावो. ही कहाणी नवऱ्यांनी पुढं बसून ऐकावी, बायकांनी मीठ घालून पोटभर जेवावं. साठ जणींनी कुजबुजलेली कहाणी पाच जणींनी मोठ्यानं सांगितली, सुफळ संपूर्ण झाली.