घुशीच्या शेंगा

एका माळावर, पाणवठ्याच्या काठी एक टिटवी राहत असे. उघड्या रेतीत मांडलेले थोडे खडे आणि मधोमध चार अंडी, एवढाच तिचा संसार. त्या वर्षी पाणवठ्याला राखणदार निवडायचे ठरले आणि टिटवी उभी राहिली. राखणदार झोपाळू निघाला, तर कोल्हा पहिल्यांदा तिचीच अंडी खाणार होता. मग ती गप्प कशी बसेल?

पण तिच्याविरुद्ध उभी राहिली एक गब्बर घूस. बिळात भुईमूग आणि रताळी नुसती ठासून भरलेली! तिने सशांना रोज शेंगांच्या पंगती घातल्या, तितरांपुढे दाणे टाकले आणि कावळ्यांना पोटभर खाऊ घालून झाडाझाडावर ओरडायला बसवले, "घूसबाईच राखणदार! घूसबाईच राखणदार!" त्या कलकलाटात बिचाऱ्या टिटवीचे बोलणे कुणाला ऐकूच जाईना.

"अगं, तूही काहीतरी वाट की," एक म्हातारा ससा शेंग चघळत म्हणाला.

टिटवीने मान ताठ केली. "माझ्याकडे वाटायला काही नाही, आजोबा. मी जागी राहते. ते काम माझ्याइतकं इथे कुणाला जमत नाही!"

मतदानाच्या सकाळी घुशीच्या दारात शेवटची पंगत बसली. कावळेसुद्धा खाऊन सुस्तावले होते, त्यामुळे माळ कसा शांत होता. तेवढ्यात टिटवी कडाडली, "पळा! कोल्हा आला!" सगळे धावले ते घुशीच्या बिळात शिरायला. पण घूस केव्हाच आत शिरली होती आणि माती लोटून दार बुजवत होती. "इथे गर्दी नको! माझा साठा तुडवाल!" ती आतून ओरडली. टिटवी मात्र कोल्ह्याच्या डोळ्यांवर पुन्हा पुन्हा झेपावत राहिली. सारे झुडपांत लपेपर्यंत तिने त्याला पुढे सरकू दिले नाही. शेवटी तो वैतागून परत फिरला.

दुपारी मतदान सुरू झाले. ज्याला मत द्यायचे, त्याच्यापुढे खडा टाकायचा. घूस मिशा झटकत बाहेर आली. "टाका खडे! माझा अर्धा साठा फस्त केलात, विसरलात?"

"शेंगा गोड होत्या हो बाई," म्हातारा ससा म्हणाला, "पण तुमचं दार आतून बंद होतं." आणि त्याने आपला खडा टिटवीपुढे टाकला. मग बाकीच्यांनीही टाकले. कावळ्यांनीसुद्धा, जरा लाजतच! टिटवीने ते सारे खडे आपल्या अंड्यांभोवती नीट रचले आणि ती पहाऱ्याला उभी राहिली.

तात्पर्य : पैशाने जयघोष विकत घेता येतो, विश्वास नाही. मत देताना कोणी काय खाऊ घातले ते पाहू नये; संकटात कोण धावून आले ते आठवावे.