टिचकी मुंगीची गुलाबी गाठी

एक होती मुंगी. तिचं नाव टिचकी.

टिचकी राहायची शालूच्या परसबागेत. बाग केवढी? एवढीशी! पण चैत्र आला, की ही बाग एक मिनिट गप्प बसत नसे. काल कळी, तर आज फूल. काल काहीच नाही, तर आज कोंब! टिचकी रोज सकाळी उठायची आणि म्हणायची,
"अगंबाई! हे काल नव्हतं!"

काल होता पाडवा. दारात गुढी उभी होती. शालूच्या गळ्यात साखरेच्या गाठ्यांची माळ होती. शालूने एक गाठी खाल्ली. कुडुम कुडुम! आणि एक गुलाबी तुकडा खाली पडला. टुप्प!

टिचकीने तो पाहिला. एवढा मोठा खाऊ तिने जन्मात पाहिला नव्हता.
"हा माझा!" टिचकी म्हणाली. "आज ठेवते, उद्या खाते."

ठेवायचा कुठे? समोर चिनी गुलाबाचं फूल होतं. छान पसरलेलं, ताटलीसारखं. टिचकीने तुकडा फुलात ठेवला. तुरुतुरु घरी गेली आणि झोपली.

सकाळी आली. तुरुतुरु, तुरुतुरु. पाहते तर काय? फूल मिटलेलं! पाकळ्या गच्च. आत शिरायला फटसुद्धा नाही. टिचकीला रडूच आलं.

"फुला फुला, उघड ना!
माझी गाठी मला मिळेना!"

फूल म्हणालं, "मी नाही उघडणार. ऊन आलं की मी उघडतं, ऊन गेलं की मी मिटतं. आधी ऊन आण."

टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. ऊन बसलं होतं भिंतीवर.

"उन्हा उन्हा, ये ना!
फूल उघडेना,
माझी गाठी मला मिळेना!"

ऊन म्हणालं, "मी नाही येणार. येऊ कुठून? दोडक्याचं पान मध्ये आलंय. काल होतं बटणाएवढं, आज झालंय ताटाएवढं! आधी वेल सरकव."

टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. दोडक्याचा वेल जमिनीवर लोळत होता.

"वेला वेला, सरक ना!
ऊन येईना,
फूल उघडेना,
माझी गाठी मला मिळेना!"

वेल म्हणाला, "मी नाही सरकणार. मला वर चढायचंय. पण धरू कशाला? आधी काठी आण."

टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. ओसरीच्या कोपऱ्यात गुढीची काठी उभी होती. काल तिच्या डोक्यावर तांब्या होता, अंगावर रेशमी खण होता, गळ्यात फुलांचा हार होता, गाठ्या होत्या. आज तिला कुणी विचारत नव्हतं. ती फुगून बसली होती.

"काठी काठी, चल ना!
वेल सरकेना,
ऊन येईना,
फूल उघडेना,
माझी गाठी मला मिळेना!"

काठी म्हणाली, "मी नाही चालणार. मला पाय आहेत का? अण्णा उचलतील, तरच मी येईन. आधी अण्णांना उठव."

अण्णा म्हणजे शालूचे आजोबा. टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. उंबरा चढली, उंबरा उतरली. अण्णा स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. शेगडीवर पाणी उकळत होतं. खदखद, खदखद.

"अण्णा अण्णा, उठा ना!
काठी चालेना,
वेल सरकेना,
ऊन येईना,
फूल उघडेना,
माझी गाठी मला मिळेना!"

अण्णा म्हणाले, "अगं मुंगूताई, मी नाही उठणार. चहा घेतल्याशिवाय हे गुडघे माझं ऐकत नाहीत बघ. आणि चहात गवती चहा नको का? आधी पात आण."

टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. नळाच्या पलीकडे गवती चहा होता. त्याच्या पाती माना टाकून बसल्या होत्या.

"चहा चहा, पात दे ना!
अण्णा उठेनात,
काठी चालेना,
वेल सरकेना,
ऊन येईना,
फूल उघडेना,
माझी गाठी मला मिळेना!"

गवती चहा म्हणाला, "मी नाही देणार. माझा घसा कोरडा पडलाय. काल सगळे पुरणपोळी खात बसले, मला पाणी कुणी दिलं? आधी शालूला झारी घेऊन बोलाव."

टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आता तिचे पाय दुखत होते. सहाच्या सहा! शालू पायरीवर बसली होती. गाल फुगलेले, ओठ बाहेर.

"शालू शालू, झारी घे ना!
चहा पात देईना,
अण्णा उठेनात,
काठी चालेना,
वेल सरकेना,
ऊन येईना,
फूल उघडेना,
माझी गाठी मला मिळेना!"

शालू म्हणाली, "मी नाही घेणार! मी रुसलेय. माझ्या गाठीचा तुकडा हरवला. गुलाबी होता. तो सापडेल, तरच मी उठेन."

टिचकी दचकली. गुलाबी? गाठीचा? अगंबाई! तो तर तिचाच तुकडा! सांगितलं, तर शालू घेऊन टाकेल. नाही सांगितलं, तर फूल उघडणार नाही. आणि शालू अशीच रुसून बसेल.

टिचकीने मोठ्ठा श्वास घेतला.
"शालू, तो मी उचलला. मला वाटलं, खाली पडला म्हणजे माझा. तो फुलात आहे. फूल मिटलंय."

"फुलात?" शालूचे डोळे गोल गोल झाले. "फुलाच्या पोटात माझी गाठी? मला बघायचीय!"

आणि शालू उठली. टुणकन!

शालूने झारी घेतली. झर झर झर झर!
चहाने मान वर केली. सळसळ! त्याने पात दिली.
शालूने पात आत नेली. पातेल्यात टाकली. घमघम घमघम!
अण्णांनी चहा घेतला. फुर्रर फुर्रर! "वा! आता कसं!" आणि अण्णा उठले.
अण्णांनी काठी उचलली. काठी चालली. ठक ठक ठक!
अण्णांनी काठी मातीत रोवली. खच्च!
वेलाने काठी धरली. सर्र! वेल सरकला.
ऊन आलं. पिवळं पिवळं, उबदार.
आणि फूल? एक पाकळी... दुसरी पाकळी... सगळ्या पाकळ्या!

फूल उघडलं!

आत होती गाठी. गुलाबी गुलाबी.

शालू वाकली. टिचकीने डोळे मिटून घेतले. आता शालू गाठी उचलणार!

शालू हसायला लागली. "अय्या! एवढीशीच? ही तर माझ्या दातालाही पुरणार नाही. आणि तू किती चाललीस गं! घे, तुझी तुला."

"माझी?" टिचकीने विचारलं.

"तुझीच!" शालू म्हणाली.

मग काय! टिचकीने गाठी खाल्ली. कुटुकुटु, कुटुकुटु. खाल्ली, खाल्ली, पोट टम्म झालं. तरी गाठी उरली!

"उद्या खाते," टिचकी म्हणाली. "पण आता फुलात नाही हं ठेवायची. फूल मिटतं. मी काही वेडी नाही."

तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दोडक्याच्या वेलाचं टोक होतं. छान कुरळं, शेपटीसारखं. वेल काही मिटत नाही! टिचकीने उरलेली गाठी त्या कुरळ्या शेपटीत अडकवली. तुरुतुरु घरी गेली आणि झोपली.

सकाळी आली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"अगंबाई! शेपटी कुठे गेली?"

वर पाहिलं. आणखी वर. आणखी वर! रात्रभरात वेल सरसर चढला होता. थेट काठीच्या टोकापर्यंत! आणि टोकावर काय होतं? गाठी! गुलाबी गुलाबी.

शालूने टाळ्या वाजवल्या. "अण्णा, या ना! गुढीला पुन्हा गाठी आली!"

अण्णा चहाचा कप घेऊन आले आणि हसू लागले. काठी तर इतकी खूश झाली, इतकी खूश झाली, की तिची मान ताठच्या ताठ!

टिचकीने कुणालाच हाक मारली नाही. फुलाला नाही, उन्हाला नाही, अण्णांनाही नाही. ती आपली चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. पानावरून पान, पानावरून पान. टोकावर जाऊन बसली. खाली सगळी बाग दिसत होती. काल नव्हतं, ते सगळं दिसत होतं.

मग तिने गाठी खाल्ली. कुटुकुटु, कुटुकुटु. सगळी संपवली. उद्याला काहीसुद्धा ठेवलं नाही!

गाठी संपली, गोष्ट थांबली. बाग मात्र वाढतेच आहे.