रंगनाथाने सासूबाईंना कुंकू लावलं

एका गावात एक भोळा नवरा होता. भोळा हा त्याच्या बायकोचा शब्द. गाव दुसरा शब्द वापरायचं. त्याचं नाव रंगनाथ.

त्याची बायको सगुणा आईसाठी चित्र काढत होती. आईला एक्याऐंशी वर्षं झाली होती आणि रविवारी सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होता. ऑस्ट्रेलियातले आदिवासी ठिपक्यांच्या चित्रांतून गोष्ट सांगतात, हे सगुणाने एका पुस्तकात पाहिलं होतं. त्यांच्या खुणा त्यांच्या. तिने आईसाठी स्वतःच्या ठरवल्या. गोल म्हणजे विहीर, नागमोडी म्हणजे नदी, पिवळी वाट आईच्या माहेराहून सासरी जाणारी, आणि पाच मुलांचे पाच ठिपके. आईने आपला जन्म एकदा समोर मांडलेला पाहावा, एवढीच तिची इच्छा होती.

कुकर लावायला उठताना तिने नवऱ्याच्या हातात काडी दिली.

"अहो, नदीच्या कडेने ठिपके द्या. एकटा ठिपका काही सांगत नाही. जोडीला दुसरा द्या, तिसरा द्या. रिकामी जागा ठेवू नका."

ती परत आली तेव्हा नदी झाली होती, टेबल झालं होतं, आणि रंगनाथ भिंतीवर विजेच्या बटणापर्यंत पोचला होता.

"कुठे थांबायचं ते तू सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"नको तिथे रंग गेला तर लगेच ओल्या फडक्याने पुसायचा," सगुणाने दात आवळून सांगितलं.

हे त्याने नीट लक्षात ठेवलं. त्याचं तेच तर वाईट होतं. दुसऱ्या दिवशी त्याने पाहिलं, पिवळा रंग निळ्या नदीवर गेलाय. वाट नदी ओलांडत होती, पण हे त्याला कोण सांगणार? त्याने वाट पुसली. फडक्याबरोबर नदी आली. मग विहीर आली. पाच मुलांपैकी दोन उरली, आणि त्यांत सगुणा नव्हती.

सगुणा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "ओल्या रंगाला हात लावायचा नाही. उन्हात ठेवायचं. वाळलं की वार्निश, मग भिंतीवर. कळलं?"

"कळलं," रंगनाथ म्हणाला. घरात याहून भीतिदायक शब्द नव्हता.

तिने दोन दिवस बसून सगळं चित्र पुन्हा काढलं.

रविवारी पाहुणे जमले. आई पाटावर बसल्या. सगुणा चित्र आणायला आत जाताना म्हणाली, "तेवढं आईला कुंकू लावा."

रंगनाथाने कुंकू पाण्यात कालवलं आणि खिशातून काडी काढली. एक ठिपका दिला. एकटा ठिपका काही सांगेना. त्याने दुसरा दिला. जावयाकडची काही रीत असेल, असं वाटून आईंनी भक्तिभावाने डोळे मिटले. पाहुण्यांनाही तसंच वाटलं, म्हणजे तेही काही फार शहाणे नव्हते.

सगुणा चित्र घेऊन बाहेर आली. पाट रिकामा होता. आई अंगणात उन्हात खुर्चीवर होत्या. कपाळ, गाल, हनुवटी, पापण्या, कुठे रिकामी जागा नव्हती.

"आई, डोळे उघड, बघ काय आणलंय," सगुणा म्हणाली.

"जावईबापू नको म्हणालेत," आई ओठ न हलवता पुटपुटल्या.

सगुणा पुढे धावली. रंगनाथ वार्निशचा डबा घेऊन आडवा आला.

"हात लावू नकोस, ओल्या आहेत. वाळल्या की वार्निश मारतो. तोवर तू भिंतीत खिळा ठोक, जरा मोठा."