दोन सड, तीन तोंडं

तळवडीच्या जहागीरदारांना आपल्या बोकडाचा फार अभिमान होता. माणसाच्या कमरेला लागेल एवढा उंच, काळाभोर. एके दिवशी त्यांनी हुकूमच काढला की यापुढे गावातल्या शेळ्यांना हाच एक बोकड राहील, बाकीचे सगळे खाटकाला द्या.

खाटीक चावडीवर येऊन बसला. शेजारी आपला बोकड बांधून जहागीरदारही बसले. लोक मुकाट्यानं आपापले बोकड आणू लागले. शेवटी चाळीस शेळ्यांची मालकीण मैनाक्का एक बारका बोकड घेऊन आली आणि म्हणाली, "हा मी देणार नाही. पैदाशीला हाच हवा."

जहागीरदार हसले. "अगं, माझ्या बोकडाच्या पोटाखालून जाईल हा. याच्यात काय बघितलंस?"

"सरकार, तुमच्या बोकडाच्या आईला हा झाला त्या वेताला किती करडं झाली?"

"हा एकटाच."

"म्हणजे दोन्ही सड याला एकट्याला. माझ्या बोकडाची आई दर वेताला तीन देते. सड दोन आणि तोंडं तीन, त्यात मिळेल तेवढं पिऊन हा वाढला, म्हणून बारका राहिला. तुमच्या बोकडाची उंची दुधाची आहे, ती लेकींना मिळायची नाही. माझ्याच्या लेकी आजीवर गेल्या, तर गावात करडं मावणार नाहीत."

"आणि माझ्या बोकडाचं एवढं वजन काय वाया घालवू?" जहागीरदार चिडले.

"वाया कशाला? वजन बघणारा माणूस तुम्हीच बोलावलाय, सरकार."

खाटीक उठला आणि जहागीरदारांच्या बोकडाच्या पाठीवरून हात फिरवू लागला.